आम्ही बुजवलेली भेग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे जिन्यातली भेग बुजवली. संध्याकाळची वेळ. खाली गल्लीत कापडवाले दुपारची विश्रांती संपवून दुकानं परत उघडत होते. मी पायरीवर उभा, बायको एक पायरी खाली. तिच्या एका हातात लांबी कालवलेली पाटी, दुसऱ्या हातात मोबाईलचा उजेड. मी पत्र्याने लांबी भेगेत दाबत होतो. लांबी म्हणजे रंग मारायच्या आधी भिंतीतल्या खाचा भरायला जे कालवतात ते.

"अहो, आत दाबा. वरवर फासू नका."

"चाळीस वर्षं हेच केलंय. आता तू शिकव."

"शिकवावंच लागतं. गावाच्या भिंती रंगवल्यात, स्वैपाकाच्या फळीला अजून रंग नाही."

लांबी वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, वर पांढरा डिस्टेंपर. त्या भिंतीला जुना हिरवा ऑइल पेंट होता. मी तिला म्हटलं, ऑइल पेंटवर डिस्टेंपर धरत नाही गं, खरवडून प्रायमर मारायला पाहिजे, असाच मारला तर चार महिन्यांत सालपटं निघतील.

"उद्याचा दिवस टिकला तरी पुरे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरकारची माणसं इमारत बघायला येणार होती.

इमारत बहरीनच्या जुन्या बाजारात, बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या गल्लीत. तीन मजले. मालक म्हातारा बहरीनी, त्याला सगळे हाज्जी म्हणतात. माझा विसा त्याच्याच नावावर. मी त्याचा रंगारी, आणि नळ गळला की नळवाला पण मीच. ती एका शाळेत आया होती, गेल्या वर्षी सुटली. ती दहावी, मी चौथी. त्यामुळे घरातले कागद तिचे आणि भिंती माझ्या.

भेग आमच्याबरोबर वाढलेली. आम्ही राहायला आलो तेव्हा केसाएवढी होती. दुसऱ्या मजल्याच्या बीमपासून निघून तिरपी वर, आमच्या दारापर्यंत. दर दिवाळीला जिना धुताना ती भेगेत बोट घालून बघायची. मग बाजूला पेन्सिलीने एक आडवी रेघ, त्यावर साल, आणि आत काय गेलं ते. आधी लिहिलं 'नख'. मग काही वर्षांनी 'करंगळी'. मग 'बोट'. गेल्या दिवाळीला 'अंगठा'. मी म्हणायचो, पोराची उंची मोजतात तशी काय मोजतेस? ती म्हणायची, "वाढतेय तर मोजायला नको?"

हाज्जीच्या मुलांना इमारत पाडून गाड्या लावायची जागा करायची होती. हाज्जीचं मन होत नव्हतं, पण दुरुस्तीची त्याची ऐपतही नव्हती. इमारत पडली की आम्ही बाहेर. या वयात मला दुसरा कोण विसा देणार? म्हणजे गावी, चिपळूणकडे. तिथलं घर भावाचं. ती एकदा जेवताना म्हणाली, "लग्न झालं तेव्हा सासूच्या घरात राहिले, मग जावेच्या. इथे आले तर अरबाच्या घरात कामाला. ही पहिली खोली, जिची किल्ली माझ्या कमरेला आहे. मला इथून हलवू नका."

ती काही मागणारी बाई नव्हती. म्हणून ते माझ्या डोक्यात राहिलं.

त्यात फंडाची बातमी आली. आणली पहिल्या मजल्यावरच्या अकाउंटंटने. पुण्याचा माणूस, बायकोमुलं तिकडे, हा एकटा इथे. तो आमच्याकडे रविवारी जेवायला असायचा. त्याने सांगितलं, सरकार रोखे काढणार आहे. बँका, मोठे लोक ते विकत घेतात, म्हणजे सरकारला कर्ज देतात. त्यातला काही भाग जुन्या बाजारातल्या इमारतींना मिळणार. अर्ज मालकाने करायचा.

"म्हणजे सरकार पण उसनं घेतं?" मी विचारलं.

"घेतंच की काका. सगळी सरकारं घेतात."

"मग हाज्जीला मागायला कसली लाज?" ती म्हणाली. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

हाज्जीला लाजच होती. त्याचा आजा मोत्यांचा व्यापारी, आणि आता सरकारच्या दारात हात पसरायचा? ही त्याच्या घरी गेली. मी बरोबर होतो, बोलली ती. तिची बोली म्हणजे हिंदी, अरबी आणि चिपळूण एकत्र; सरकारला हुकूमा, पैशाला फुलूस, आणि चल लवकर म्हणायचं तर यल्ला.

"हाज्जी, हुकूमा फुलूस देता है. तुम क्यों नही लेता?"

हाज्जी हसून म्हणाला, "इंशाल्ला, बघू."

"इंशाल्ला बाद में. पहले सही करो, यल्ला."

त्याची सून दारामागे फिसकन हसली. हाज्जीने सही केली. मला म्हणाला, तुझी बायको माझ्या मुलांपेक्षा बरी आहे. ती परत येताना रस्ताभर ते वाक्य घोळवत होती.

मग कागद. हाज्जीच्या ओळखपत्राची कॉपी, जागेचा दस्त, भाडेकरूंची यादी. ती फाईल छातीशी धरून सरकारी ऑफिसात जायची, नंबरचं तिकीट घेऊन बसायची. एकदा परत पाठवली, दोनदा पाठवली. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारला आणि म्हणाली, आता माणसं येऊन बघतील, ती जे लिहितील त्यावर ठरेल. ज्या इमारती मोडकळीला आल्यात त्यांना आधी.

त्या दिवशी मी बरोबर होतो, ते शेवटचं वाक्य मी माझ्या कानाने ऐकलं होतं. हिने पण ऐकलं होतं. इमारतीतल्या सगळ्यांना तिने येऊन सांगितलं होतं. तरी आम्ही काय केलं ते बघा.

तारीख कळली आणि ती झाडूला लागली. दुसऱ्या मजल्यावर वसईची नर्स राहते. तिने दाराला नवा पडदा लावला. खालच्या चहावाल्याने गल्लीतली खोकी उचलली. जिन्याचा कठडा हलायचा, मी तो तारेने आवळून वर काळा रंग मारला. गच्चीच्या दाराला पाण्याचं पिंप लावून ठेवलं, कारण गच्ची फारच वाईट होती, तिकडे कुणाला न्यायची लाज वाटली असती. अकाउंटंट कंपनीच्या कामाला पुलापलीकडे सौदीला गेलेला. तो असता तर ओरडला असता. आम्हाला अडवायला कोणी नव्हतं, आणि आपण काही चुकीचं करतोय असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतात. मागायला जायचं तर धुतलेलं नेसून जावं, असं ती म्हणायची. जो आहे ते नीट ठेवत नाही त्याला नवीन कोण देईल?

भेगेपाशी आल्यावर मी तिला विचारलं, तुझ्या रेघांचं काय करू?

"त्या पण झाका. सरकारची माणसं येणार आणि भिंतीवर माझं गिचमिड? काय म्हणतील?"

मी झाकल्या. एकीवर एक दोन हात मारले.

सकाळी नऊच्या सुमाराला दोघं आली. एक बहरीनी बाई, काळा पायघोळ अबाया घातलेली, हातात टॅब. बरोबर एक पुरुष, गळ्यात कार्ड. दोघं चांगली होती. पायऱ्या चढताना बाई म्हणाली, माशाल्ला, किती स्वच्छ. माझी बायको लाजली. पुरुषाने भेगेच्या जागी बोटाने ठोकून बघितलं. ठोकल्यावर पोकळ आवाज आला असता तर त्याला कळलं असतं. पण मी पोकळ सोडलीच नव्हती, आतपर्यंत दाबली होती. तो पुढे गेला. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी अभिमान वाटला.

वर आमच्या खोलीत त्यांना चहा दिला, शंकरपाळे दिले. बाईने विचारलं, "एनी प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम, मॅडम," ही म्हणाली.

"नो प्रॉब्लेम," मी पण म्हटलं.

गळ्यात कार्ड घातलेल्या माणसाला आयुष्यभर आम्ही हेच उत्तर दिलं. विसावाल्याला, पोलिसाला, कंपनीच्या साहेबाला. पगार दोन महिने नसला तरी नो प्रॉब्लेम. तोंडाला सवय झालेली. बाई टॅबवर लिहीत गेली. म्हणाली, "ज़ेन, ज़ेन." अरबीत ज़ेन म्हणजे छान.

ती दोघं निघाली. ही त्यांना खालपर्यंत सोडून परत वर आली, पण दारापर्यंत नाही आली, वरून तिसऱ्या पायरीवर बसली. म्हणाली, "पाय भरून आलेत हो. बघितलंत ना, किती खूश झाली बाई?"

मी म्हटलं, झाली. कप धुवायला आत गेलो. पाहुण्यांचे चांगले कप वेगळे ठेवायचे असतात, त्या दोन कपांची जागा मला कधीच कळली नाही. मी आतून विचारलं, कप कुठे ठेवू? उत्तर नाही. परत विचारलं. मग मी ओरडलो, "बहिरी झालीस काय?"

हे माझं तिला शेवटचं बोलणं.

बाहेर आलो तर ती भिंतीला डोकं टेकून बसलेली. मला वाटलं डुलकी लागली. जवळ गेलो तर केसाला पांढरं लागलेलं, कच्चा डिस्टेंपर. मी आधी ते पांढरं झटकायला गेलो. काय वेडा माणूस मी. डोकं माझ्या हातावर आलं तेव्हा कळलं की त्याला आता वजन आहे, तिचं नाही, नुसतं वजन.

नर्सची रात्रपाळी होती म्हणून ती घरी झोपलेली. तशीच गाऊनवर धावत आली, पायरीवरच तिची छाती दाबायला लागली, मोजत मोजत, इंग्लिशमध्ये. अँब्युलन्स आली. हॉस्पिटलात डॉक्टर काहीतरी बोलला. मी त्याच्या बुटांकडे बघत होतो. नर्सने माझा दंड धरला आणि म्हणाली, "काका, काकी गेली." मी म्हटलं, कुठे?

खरंच विचारलं, कुठे म्हणून.

तिला तिथेच ठेवून घेतली. कागद व्हायला वेळ लागतो, उद्या सकाळी देतील म्हणाले, मग अस्करला न्यायचं. तिकडे अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या बाजूला आपल्या लोकांना जाळायची जागा आहे. मी कुणाकुणाबरोबर तिकडे गेलेलो, खांदा दिलेला. हिला घेऊन जाईन असं कधी डोक्यात नव्हतं. मी मोठा, मला साखर, मला बीपी. जायचा नंबर माझा होता. मुलीला ठाण्याला फोन लावला तर तिला सांगता येईना. नर्सने फोन घेतला.

संध्याकाळी माणसं येऊन बसली. हाज्जी आला. त्याचे गुडघे गेलेत, तो खालच्या पायरीवरच बसला आणि तिथूनच हात वर करून दुवा केली. कुणीतरी ती बसली होती त्या पायरीवर पणती लावली. पणतीच्या वर पांढरी शुभ्र भिंत. मी दाराच्या आत खाली बसलेलो. कोण काय बोलतंय ते कानावर पडत होतं, आत जात नव्हतं. मला सारखं वाटत होतं की हे सगळे उठले की ती कप आवरेल.

अकाउंटंट तसाच पुलावरून गाडी मारत आला. मला भेटून बाहेर गेला. जिन्यात तो आणि नर्स बोलत होते. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं.

"हाज्जीच्या फोनवर रिपोर्ट आलाय," तो म्हणाला. "कंडिशन गुड लिहिलंय. यादीतून नाव काढलं."

"गुड? ह्या बिल्डिंगला?"

"अहो, भेग कुठंय? मी आत्ता येताना बघितलं, भेगच नाही! कुणी बुजवली?"

नर्स म्हणाली, "काका-काकीने. आम्ही सगळ्यांनीच आवरलं. मी पण पडदा लावला."

"अरे देवा. मोडकी आहे म्हणून पैसे मागितले आपण! मोडकी दाखवायची सोडून..." तो मध्येच थांबला. "चूक माझीच. सांगून जायला पाहिजे होतं. मला वाटलं, यात काय सांगायचं?"

"आता काय होणार?"

"उद्या दुपारी बाराला कमिटी बसते. त्याच्या आत फोटोसकट हरकत पाठवली तर फाईल परत उघडेल. नाहीतर खलास. हाज्जीची मुलं महिन्यात पाडतील."

"फोटो कसला काढणार? पांढऱ्या भिंतीचा?"

"जुना एखादा असेल कुणाकडे?"

"भेगेचा फोटो कोण काढून ठेवतं वो?" ती म्हणाली. "आणि काकांना आज सांगू नका. हात जोडते."

मी ऐकलं. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग मला तिचा राग आला. मेलेल्या बाईचा. तीन वेळा ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यास, हाज्जीशी भांडलीस, आणि शेवटी रेघा पण झाकायला लावल्यास? मग आठवलं की हात माझा होता. तिने नुसती पाटी धरली होती. कच्च्या हाताच्या रंगाऱ्याने बुजवली असती तर त्या माणसाने ठोकल्यावर लांबी पडली असती. मी चांगलं काम केलं म्हणून ती खोली जाणार होती.

एक बरं, ती खूश होऊन गेली. दुसरं बरं काही सापडत नाही.

त्या फंडाचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. फाईल परत उघडली, तीच बाई पुन्हा आली. आज इमारतीला लोखंडी टेकू लागलेत आणि आम्हाला सगळ्यांना काम संपेपर्यंत जवळच्या हूरा वस्तीत हलवलंय. हे मी तिथे बसूनच लिहितोय. किल्ली माझ्याकडे आहे. पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

पहाटेच्या बांगेला उठलो. झोपलो नव्हतोच. आंघोळ केली. घरात सुतक, कामाला हात लावायचा नसतो, ते मला माहीत आहे. मी पत्रा घेतला आणि जिन्यात आलो. पणती चालू होती, तिच्यात तेल घातलं. भेगेच्या खालच्या टोकापासून सुरुवात केली. पत्रा लावला आणि एकदम जोरात ओढला. डिस्टेंपरचं सालपट सरळ निघालं, ऑइल पेंटचा पापुद्रा पण त्याबरोबर. खाली पडलं. उचलून वरचं पांढरं नखाने सोडवलं तर खाली हिरव्यावर पेन्सिलीची अर्धी रेघ आणि 'न'. 'नख'मधला 'न'. हातात तुकडे झाले त्याचे.

पहिल्या वर्षाची ती खूण गेली. मीच घालवली. मी पायरीवर बसलो. बघायला गेलं तर एक पेन्सिलीची रेघ. पण आदल्या दिवशी हॉस्पिटलात मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं, हातात पत्रा धरून.

मग डोकं चालायला लागलं. आयुष्यभराचं काम, शेवटी तेच कामाला येतं. ऑइल पेंटवर डिस्टेंपर धरत नाही. कोमट पाण्याने भिजवला की फुगतो, सुटतो. घासायचा नाही, टिपायचा. पेन्सिल पाण्याने जात नाही, घासली तर जाते. पाणी तापवलं, बादली आणली. चिंधी म्हणून तिच्याच जुन्या साडीचा फडका होता, परवा लांबी पुसायला घेतलेला. तो भिजवून भिंतीवर धरायचा, शंभर मोजायचे, उचलायचा. पांढरं पाणी पायरीवरून ओघळत होतं. खालून हिरवं यायला लागलं, आणि मग तिचं अक्षर. 'करंगळी'. साल. रेघ. पुढच्या दिवाळीचं परत 'करंगळी', पण खाली दोन रेघा मारलेल्या.

नर्स वर आली. हातात हिची हिरवी साडी, मी आदल्या दिवशी नेसवायला काढून दिलेली, ती इस्त्री करून आणलेली. मला बघून ती जागीच थांबली.

"काका, काय करताय? काकीने शेवटचं रंगवलेलं ते..."

"रंगवलं मी. ती लांबी धरून होती. फोन आण तुझा."

"तुम्ही ऐकलंत काल?"

"दार उघडं होतं. फोन आण, बारा वाजायच्या आत पाठवायचंय."

तिने साडी दारात ठेवली आणि दुसरा फडका घेऊन खालच्या पायरीवर बसली. तिला मी एकदाच सांगितलं, घासायचं नाही. अकाउंटंट आला, तो पण बसला, ऑफिसच्या पँटवर. लांबी मी पत्र्याच्या कोपऱ्याने आतून खणून काढली. आतपर्यंत दाबली होती, निघता निघेना. तिने आत दाबायला सांगितलेलं.

भेग उघडी पडल्यावर अकाउंटंट एकेक रेघ वाचायला लागला, साल आणि शब्द, साल आणि शब्द. वाचता वाचता म्हणाला, "काका, ही कुठल्या इंजिनियरची नोंद असती तर कोर्टात चालली असती."

"फोटो काढ," मी म्हटलं.

नर्सने रेघेशेजारी पट्टी धरून फोटो काढले. मग म्हणाली, काका, तुमचं बोट घाला आत, म्हणजे कळेल किती आहे. मी अंगठा घातला. पूर्ण गेला आणि बाजूला जागा उरली. हिचा अंगठा बारीक होता, तरी तिने घट्ट बसतो असं सांगितलेलं आठवतं. दिवाळीनंतर आणखी फाकलेली. अकाउंटंटने हरकत लिहून फोटो जोडले.

"गेले," अकाउंटंट म्हणाला. "पोचले."

खालून हाज्जीच्या ड्रायव्हरने हाक मारली. हॉस्पिटलचे कागद झाले, गाडी आलीय, यल्ला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाराजवळ सगळ्यात वर एक हातभर पांढरं राहिलं होतं, गेल्या दिवाळीच्या रेघेवरचं. फोटोला त्याची गरज नव्हती. मी म्हटलं, येतो, त्याला थांबायला सांगा. फडका बादलीत पिळला, भिंतीवर धरला आणि शंभर मोजायला लागलो.